जोसीच्या फॉर्मवरची रिकामी जागा

मंगळवार, २९ ऑक्टोबर
सकाळ, आपलं स्वयंपाकघर

प्रिय बाबा,

नमस्कार. तुम्ही कामावर गेल्यावर आलो. तब्येत ठणठणीत आहे, मी कामाला आहे त्या मळ्यातली सफरचंदं उतरवून झाली, आणि तुमची उरलेली कॉफी मीच संपवली.

माझं सगळं फिरलं ते तीन वर्षांपूर्वी, पंधरा डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता, याच टेबलाशी. कॉलेजचा निकाल उघडला, अर्लीत, म्हणजे सगळ्यांच्या आधी एकाच कॉलेजला बांधून घेणाऱ्या त्या फेरीत, मला प्रवेश मिळाला होता. तुम्ही मला उचललंत आणि तुमच्या पाठीत चमक भरली. त्याच मिनिटाला डेल्फिनचा, माझ्या तेव्हाच्या मैत्रिणीचा, मेसेज आला, 'माझं नाही झालं.'

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही दोघांनी ठरवून एकाच कॉलेजला अर्ली भरलं होतं. 'मिळालं तर तिथंच येईन' असं लिहून देताना, एकालाच मिळालं तर काय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इतके आम्ही शहाणे! ती लांब ऑरेगॉनच्या कॉलेजला गेली. मी लिहून दिलं होतं तिथं गेलो. वर्षभर वर्गात बसून तिच्या फोनची वाट बघितली, मग एक दिवस परीक्षेतून उठलो आणि तिच्या गावची बस धरली. तिनं दारातच सांगितलं, "एमेट, परत जा." परत गेलो नाही. घरी आलो आणि तुमच्या अंगावर ओरडलो, "तुम्हीच घाईनं फॉर्मवर पालकाची सही केलीत, तुम्हीच मला बांधलंत!"

खोटं होतं, बाबा. तुम्ही तेव्हा दोनदा विचारलं होतंत, "नक्की ना रे?" मीच लॅपटॉप तुमच्यापुढं सरकवला होता.

रविवारी आपली जोसी मळ्यावर आली, रागानं लालबुंद.

"बाबा सही देत नाहीत. म्हणतात, अर्लीनं एक पोर घालवलं, दुसरं नाही घालवायचं. रेग्युलरला, नंतरच्या नेहमीच्या फेरीत भर, एप्रिलमध्ये चार ठिकाणं बघून ठरव."

"बरोबरच आहे. मुलगा कोण तो?"

"मुलगा? अरे दादा, तिथं पहिल्याच वर्षी बोटीतून समुद्रावर नेतात! मला दुसरीकडे जायचंच नाही, मग चार ठिकाणी बघू काय? मी कुणाच्या मागे नाही चाललेय, तुझ्यासारखी."

मी डेल्फिनसाठी तिथं अर्ज केला होता, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तुमच्यापाशी एका शब्दानं बोलली नाही. मला इतकी लाज वाटली की हातातली पेटी तिथंच टाकली.

आता खरी बातमी. महिन्यापूर्वी गुपचूप कॉलेजला लिहिलं होतं, काल उत्तर आलं. जानेवारीपासून परत घेतायत! झाडांच्या रोगांचा तो अर्धवट टाकलेला विषय मला आवडतो, हे मळ्यात कीड पडली तेव्हा कळलं. डेल्फिन तिथं नाही, आणि तरी मला जायचंय. हे लिहिताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, खरंच. तिची आठवण रोज येते. येऊ दे.

जोसीचा फॉर्म उघडून ठेवलाय, फक्त पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे. मुदत शुक्रवारपर्यंत. तिलाही दोनदा विचारा. ती तुमच्या डोळ्यांत बघून सांगेल. मी तेव्हा फोनकडे बघत होतो. मग सही करा.

तुम्ही चुकला नव्हतात.

निघतो. तुम्ही आलात तर मी भांडेन नाहीतर रडेन, आणि आज दोन्ही नको. गेल्या वेळी दार आपटून गेलो होतो. या वेळी कुठं जायचं ते ठाऊक आहे, म्हणून नीट लावून घेतो.

तुमचाच,
एमेट