साळूच्या जागी सुपारी

माले, शनिवार, ता. ४ एप्रिल १९५९

गंगूने आज मला अट घातली! "आबा कन्यादानाला बसत न्हाईत, तर मी बोहल्यावर चढत न्हाई." एवढे बोलून ती गोठ्यात निघून गेली. मुलगा पसंत, मुहूर्त धरलेला, वराकडची भुकूमची मंडळी राजी — आणि सर्व अडले आहे ते माझ्यापाशी.

पत्नी साळू माघात गेली. तेव्हापासून घराचा कारभार आमच्याकडेच राहणारी माझी थोरली बहीण रत्नाक्का पाहते. तिने व्यवस्था सोपी केली होती. चुलतभाऊ कुशाबा आणि त्याची पत्नी जोडीने पाटावर बसतील, मी मांडवात अक्षता वाटीन. मला ही व्यवस्था अत्यंत पसंत होती. शेतकी खात्यात हयात घालविलेला पदवीधर गृहस्थ भरमांडवात हुंदके देऊ लागला, तर काय शोभा राहील? भीती एवढीच आहे. ती येथे लिहितो. अन्यत्र उच्चारणार नाही.

रविवार, ता. ५

परंतु शब्द साळूचा आहे.

गंगू ताम्हिणीच्या वरच्या वाडीतली. आईबाप पटकीत गेले. साळूने तिला कडेवर घेऊन आणली, ती थेट माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हिचं कन्यादान आपुन दोघांनी करायचं." मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचीत होतो. आम्हांस मूल नव्हते. त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. तिने बोलण्याऐवजी मुली आणल्या! गंगूच्या आधीही काही जणी या घरातून सासरी गेल्या. प्रत्येक वेळी मी पाटावर बसलो. सर्व काही साळूच करी. मी तिच्या शेजारी ठेवलेला एक फेटा होतो.

मग गंगूस फेटा कशाला हवा आहे?

गुरुवार, ता. ९

साळूच्या भक्तीविषयी कोणी विचारल्यास मी काय सांगणार? ती रोज सकाळी भैरोबाला जाई आणि त्याच्याशी भांडे. एकदा एका मुलीचा नवरा दारू सोडीना, म्हणून तिने नवसाचा नारळ ठेवला. महिना लोटला, गुण येईना. साळू देवळात गेली आणि नारळ परत घेऊन आली! मी हादरलो. "अगं, देवाला दिलेली वस्तू —" "काम केलं का त्यानं? मग?" त्या दिवशी आम्ही खोबऱ्याची चटणी खाल्ली. फार उत्तम झाली होती. दारू पुढच्या आठवड्यात सुटली. नारळ पुन्हा रवाना झाला — अर्थात नवा!

वाड्यावस्त्यांवर बाळंतिणी अडल्या की तिला बोलावणे येई. हातातला घास ताटात ठेवून ती उठे. "तुमी जेवून घ्या. मी एक माणूस घेऊन येते." असे म्हणे! जणू बाजारातून वांगी आणायची आहेत.

आज लिहिताना दोन वेळा हसू आले. सुतक फिटून फार दिवस झालेले नाहीत. हे योग्य नव्हे.

बुधवार, ता. २२

पौडाहून भटजी आले. मी त्यांच्यापुढे अडचण मांडली — मनात आशा अशी, की विधुरास कन्यादान निषिद्ध आहे असे ते सांगतील आणि मी सुटेन. भटजी म्हणाले, "छे, छे! शास्त्राने सोय केलेली आहे. पत्नीच्या जागी सुपारी. कमरेला खोचायची, की यजमान सपत्नीक झाले."

आक्का दाराआडून म्हणाली, "साळू येवढी दांडगी बाई, आन तिच्या जागी येवढीशी सुपारी?"

"शास्त्राला आकाराचं काही नाही, रत्नाबाई."

"शास्त्राला नसंल. आमाला हाय. मोटी बगून आना."

गंगूस होकार कळविला. ती ओसरीवरून उडी मारून शेणाच्या पाटीत उतरली.

रविवार, ता. २६

सुपारी मी स्वतः आणली. पौडच्या दुकानदाराने विचारले, "खायची का पुजंची?" मी गोंधळलो. "राहावयाची," असे उत्तर गेले! त्याने सगळे पोते माझ्यापुढे ओतले. कितीतरी वेळ निवडीत बसलो. साळूस पसंत करताना वडिलांनी मला विचारले नव्हते. या खेपेस निवड सर्वस्वी माझी! अखेर एक ठसठशीत, किंचित एका बाजूस कललेली मिळाली. साळूही उभी राहताना अशीच कलत असे.

मंगळवार, ता. १२ मे

आक्काने फेट्यास खळ दिली आहे. तो स्वतःहून उभा राहतो. माझे सांगवत नाही.

गुरुवार, ता. १४ मे

लग्न लागले. कसे, ते लिहितो. अजून हसू आवरत नाही!

पाटावर बसलो. कमरेस सुपारी. उजव्या बाजूस रिकामा पाट. तिकडे पाहायचे नाही, असा निश्चय केला होता. आचमनास वाकलो, सरळ झालो. भटजी मध्येच थांबले. माझ्या कमरेकडे पाहात म्हणाले, "यजमान, पत्नी कोठे आहे?"

सुपारी नव्हती!

मांडवात एकच धांदल. पाटाखाली, घागरीमागे, भटजींच्या उपरण्यात — सर्वजण माझी पत्नी शोधू लागले. कुशाबा तेवढा पानाच्या तबकाशी शांत बसला होता. हातात अडकित्ता. जबडा हलत होता. हलता हलता थांबला.

आक्काने बरोबर ओळखले. "कुशा, तोंडात काय हाय रं?"

कुशाबाने तोंडावर हात धरला.

"अरं मुडद्या, वयनी खाल्लीस!"

"तबकाजवळ पडलेली व्हती... मला वाटलं, पानाची हाय," कुशाबा भरल्या तोंडाने म्हणाला. "आता गिळू का थुकू?"

प्रथम माझ्या नाकातून आवाज आला. मग पोटातून. मग मी पाटावरच आडवा झालो! कलाबुतूच्या जरीचा फेटा गडगडत वरपक्षात गेला. माझ्या मागोमाग मांडव हसू लागला. मुंडावळ्यांआड गंगू हसत होती, नवरा मुलगा वाल्मीक हसत होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिले. ते कशाचे, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

भटजींनी दुसरी सुपारी पुढे केली. "राहू द्या," मी म्हणालो. "ती मांडवातच आहे. कुशाबापाशी."

भटजींनी कपाळावर हात मारला. "बरे, धार कोण धरणार?"

मुलीच्या हातावर पाण्याची धार आईने धरायची. कुशाबाची पत्नी सवाष्ण म्हणून पुढे सरली. मी तिला थांबविले. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणालो, "आक्का, झारी घे."

हसणे बंद झाले.

"मी?" आक्का मागे सरकली. "माजं कपाळ बग की!"

"कपाळ पाहून काय करू? गंगूच्या डोक्यातल्या उवा साळूने आणि तू काढल्या. तापात उशाशी तुम्ही दोघी बसलात. साळू नाही. तू ये."

आक्का विधवा होऊन तप लोटले. मंगलकार्यात ती दाराआडच असते. सर्वांच्या नजरा मुलाच्या आईकडे, सारजाबाईंकडे गेल्या. ही बाई उठली, तर वऱ्हाड उठणार. सारजाबाईंनी आक्काकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पदर सावरला.

"धरा की आता! पोरगी कवाची उपाशी हाय."

आक्का आली. रिकाम्या पाटावर बसली. निम्मे पाणी गंगूच्या हातावर पडले, निम्मे भटजींच्या गुडघ्यावर. मी "दिली" म्हणालो. आवाज फाटला नाही.

शुक्रवार, ता. १५

पाठवणीच्या वेळी गंगूला विचारले, "मीच का हवा होतो?" ती म्हणाली, "आईनं सांगितलेलं. म्हनली, मी धार धरीन, पन द्यायचं काम त्यांचं. त्यांच्याबिगर मला एकबी पोरगी देता आली नसती."

साळूने हे मला कधी सांगितले नाही!

बुधवार, ता. २०

दुपारी वरच्या वाडीवरून कोंडीबा म्हणून एक जण आला. सोबत लहान मुलगी, सखू. तिला कोणी नाही. "बाईंकडं आनली," तो म्हणाला. साळू गेल्याचे त्यास ठाऊकच नव्हते. सांगितले, तेव्हा तो मुलीचा हात धरून मागे वळला. मी पायऱ्या उतरून गेलो आणि तिला कडेवर घेतली. वजन फारसे नाही. आक्काला हाक मारली — पाणी तापव म्हणून.