होडीची बॅटरी परत द्यायला गेलेय

अहो,

काल शिडाच्या होडीसाठी आणलेली बॅटरी शोधू नका. ती परत द्यायला चिखलीला चाललेय. ती गाडीची आहे, एक झटका देऊन इंजिन चालू करण्यापुरती. आपल्याला धरणावर दिवा तासन्‌तास जळता हवा. शिवाय वाऱ्याने होडी कलली की बॅटरीतलं ॲसिड सांडेल. ई-रिक्षाला लावतात तसली, सावकाश बराच वेळ चालणारी, पण सीलबंद घेते, आणि बनवल्याची तारीख बघूनच.

मागच्या रविवारी जुनीच बॅटरी घेऊन 'चालतंय गं' म्हणून गेलात, दिवा विझला आणि माझ्या टॉर्चच्या उजेडावर कसेबसे काठाला लागलात.

पोळ्या डब्यात आहेत. लाइफ जॅकेट दोन काढून ठेवा. यापुढे मी काठावर उभी राहणार नाही. होडीत बसणार आहे.

अरुंधती