उजवा कौल

प्रिय सत्या,

फोन सोडून आई पत्र कसलं लिहितेय, म्हणशील पोरी. तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतात, मग मी काय बोलणार, कपाळ! आता ते सोप्यावर बसून पायांना तेल चोळताहेत, तेवढ्यात लिहून घेते. गेल्या वर्षी बाबा दोन दिवस दवाखान्यात होते, एवढंच तुला कळवलं होतं. खरं म्हणजे काळजाच्या शिरेत जाळी बसवली, स्टेंट म्हणतात ती. म्हापशाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला, पण धावू नका. बाबा म्हणतात, तो डॉक्टर स्वतः चार पावलं चालत नाही, त्याला काय कळतं.

बाबांनी मॅरेथॉनमध्ये नाव घातलं हे कळलं तेव्हा मी देवळात कौल लावायचं ठरवलं. डॉक्टरला धुडकावतात, मला तर जन्मभर धुडकावलं, देवाला नाही ना धुडकावणार. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. डावीच पडणार याची मला एवढी खात्री, की बाबांना मुद्दाम पुढ्यात उभं केलं. आणि पडली उजवी! हसू दाबत त्यांनी नमस्कार घातला.

बाहेर आल्यावर सांगतात, मॅरेथॉन ही नुसती तालीम गे, खरी शर्यत पुढे आहे, सह्याद्रीच्या रानातून, हिच्याहून कितीतरी लांब. मला कुठे ठाऊक होतं? मी देवाला फक्त मॅरेथॉनचं विचारलं होतं. पुन्हा कौल लावा म्हटलं तर भटजी म्हणाले, मिळालेल्या कौलावर दुसरा मागू नये. आता मी तोंड उघडलं की बाबा देवळाकडे बोट दाखवतात. झालं, बसा गप्प.

परवाच्या रविवारी ती तालीम झाली. शेजारच्या बाबलीच्या रिक्षाने मी गेले, शेवटच्या कमानीपाशी कोकमाचं सरबत घेऊन उभी राहिले. माणसं आली, पदकं घालून गेली, मंडपाचे दोर सोडायला घेतले तरी यांचा पत्ता नाही. आले ते ओठ पांढरे, एक हात छातीवर. मी सरबत पुढे केलं. बाबलीने धरून बसवलं. सरबताला हात न लावता म्हणाले, "सत्याला सांग, मी कुठेच थांबलो नाही." छातीवरच्या हाताचं तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला. मोडली ती आज. अजून पायरी चढताना भिंत धरतात, आणि उद्यापासून पुन्हा सराव म्हणे.

बाय, आता ऐक. तू आपल्या मनाने लग्न केलंस आणि बाबांनी तुझं नाव टाकलं, ती वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. मग तुझा डोंगरातल्या शर्यतीचा फोटो बाबलीने दाखवला. त्या संध्याकाळी त्यांनी आपण होऊन तुला फोन लावला आणि विचारलं, किती धावलीस? तेव्हापासून तुमचं बोलणं म्हणजे किलोमीटर. पुढच्या शर्यतीत बरोबर धावू या, असं तू सहज बोलून गेलीस आणि हे पेटले. त्यांना धावायची आवड नाही गं. पहाटे उठताना कण्हतात, ते मी ऐकते. धावणं सुटलं तर लेकीशी बोलायचं काय, हेच त्यांना कळत नाही. मी सांगून ऐकणार नाहीत, देवाने तर माझे हातच बांधून ठेवलेत. म्हणून तुला लिहितेय. तू ये. जावयांनाही घेऊन ये, धावायचे बूट मात्र तिकडेच ठेव. समोरासमोर बसल्यावर त्यांना काही सुचणार नाही, तुलाही सुचणार नाही. नाही सुचलं तर नाही. गप्प बसा दोघं. पण बसा.

वाटेकडे डोळे लावलेली,
तुझीच आई