परीक्षणासाठी एक भांडण हवे आहे

१ फेब्रुवारी १९९४, मंगळवार. जोयडा.

बेळगाव बसच्या कंडक्टरने दुकानात खोकं आणून आपटलं. आत एक नवा बैठा खेळ. नाव ‘वस्ती’. सोबत संपादकांची चिठ्ठी: याचं परीक्षण लिहा. मात्र चौघांनी बसून एक डाव पूर्ण खेळा, मगच लिहा. मागे तुम्ही ज्या नाटकावर झोड उठवलीत, त्याचा प्रयोग झालाच नव्हता. या खेपेला गफलत झाली तर ‘कुसळ’ बंद. ती जागा लोणच्यांच्या पाककृतींना.

लोणच्यांना! ‘कुसळ’ म्हणजे माझं साप्ताहिक सदर. वह्या-पेन्सिली विकून पोट भरतं, पण जोयड्यात माझा दरारा आहे तो सदरामुळे. (म्हणजे असावा.)

संकल्प: शनिवारी परीक्षण रवाना.

२ फेब्रुवारी. दुपार.

गिऱ्हाईक नाही. नियम वाचले. पुठ्ठ्यावर गाव: शेतं, विहीर, गिरणी, जंगल, बाजार. प्रत्येकाकडे लाकडी मजूर. आपल्या पाळीला एक मजूर कुठेतरी उभा करायचा आणि तिथलं उत्पन्न घ्यायचं. एका जागी एकच मजूर. तुम्ही विहीर धरलीत की दुसऱ्याचं शेत सुकलं. ज्याचं कोठार जास्त भरेल तो जिंकला. म्हणजे काम कमी, अडवणूक जास्त. थेट तालुक्याचा कारभार.

पहिलं वाक्य लिहून टाकलं: ‘हा खेळ म्हणजे बैठकीच्या खोलीतलं कुरुक्षेत्र!’ परीक्षण जवळजवळ झालंच. खेळायचं तेवढं राहिलंय.

४ फेब्रुवारी.

खेळाडू जमले. मी. कमल (पत्नी. नाइलाज.). शेजारचा चहावाला म्हादू. आणि कुंभारवाड्याचा लखू, जो कचेरीच्या कामाला येतो आणि संध्याकाळच्या बसपर्यंत म्हादूच्या बाकावर बसून असतो.

कमलने आपल्या शेतात मजूर ठेवला. लखूनेही आपला मजूर तिथेच ठेवला. मी म्हटलं, चालत नाही, एका जागी एकच. लखू म्हणाला, आक्काचं भात एकटा गडी कवा कापणार, शेट? सावड हाय न्हवं. आज समदी आक्काकडं, उद्या समदी माझ्याकडं.

म्हादूचाही मजूर तिथेच. मी नियम मोठ्याने वाचून दाखवला. म्हादू म्हणाला, ते लिवणाऱ्यानं शेत बघितलंय काय? सोडा की. कमल लखूला म्हणाली, तुमचे गडी दमले असतील, चहा ठेवते.

कोठारं सगळ्यांची सारखी. भांडण शून्य. कुरुक्षेत्रात चहा आणि चिवडा. बसचा हॉर्न वाजला, लखू पळाला. डाव अर्धा.

५ फेब्रुवारी. शनिवार.

परीक्षण रवाना झालं नाही. दोष खेळाचा नाही, खेळाडूंचा. हे लोक एकमेकांशी बरे वागतात. साहित्यासाठी हे घातक आहे. संघर्ष परीक्षकालाच पुरवावा लागणार.

संकल्प: विहीर धरायची.

८ फेब्रुवारी.

धरली. प्रत्येक पाळीला माझा मजूर विहिरीवर. आधी सगळे हसले. मग त्यांची शेतं सुकली. लखू हळूच म्हणाला, शेट, पानी सोडा. मी म्हटलं, नियम आहे. त्याने आपले मजूर गोळा करून नीट पेटीत ठेवले आणि उठला. म्हणाला, पानी अडवनाऱ्यासंगं आमच्यात सावड न्हाई, पंगत न्हाई. राग न्हाई हां, शेट. रीत हाय.

त्याच्यामागून म्हादूही गेला. कमलने ताट वाढलं, झाकलं आणि शेजारी गेली.

आनंदाने टिपून ठेवलं: ‘खेळाडूंवर खोल परिणाम.’ मग ध्यानात आलं, डाव पुन्हा अर्धाच.

१० फेब्रुवारी.

नवे खेळाडू शोधले. शाळामास्तर म्हणाले, नको बाबा, पुढच्या अंकात माझंच नाव छापाल. डॉक्टरांनी नाडी न बघताच घरी पाठवलं. दरारा आहे, तो असा उपयोगी पडतो.

शेवटी चारही रंगांचे मजूर घेऊन एकटाच खेळलो. मी तिसरा आलो.

१२ फेब्रुवारी.

संपादकांचा फोन. बुधवारच्या बसने परीक्षण आणि खोकं दोन्ही आली नाहीत तर लोणची. कैरीच्या पाककृतीचे खिळे जुळवून तयार आहेत म्हणाले. खोटंच लिहून पाठवावं म्हटलं, पण कोण कोण खेळलं हे ते म्हादूच्या फोनवर विचारणार आहेत. म्हादूला विनवलं. म्हणाला, लखू येतो तर मी येतो की. कमल म्हणाली, तुम्ही पाणी सोडल्याशिवाय मीबी नाही.

ही माझी पत्नी. विहीर पुठ्ठ्याची.

१४ फेब्रुवारी.

जीपला लोंबकळत कुंभारवाडा. लखूने पाट दिला, पाणी दिलं. म्हणाला, परत सावडीत घेनारा मी कोन? गावकार सांगल.

गावकार म्हणजे वस्तीचा कर्ता म्हातारा. त्याने विचारलं, हीर कुठं हाय? मी म्हटलं, पुठ्ठ्यावर. म्हणाला, पानी किती असतंय? मी म्हटलं, छापलेलं आहे. म्हणाला, मग आटत न्हाई. न आटनारी हीर अडवलीस, व्हय रे?

देवापुढे नारळ ठेवायला लावला. गाऱ्हाणं घातलं, माझं नाव वडिलांच्या नावासकट घेऊन: ह्या लेकरानं पानी अडवलंय, चुकी झाली, पदरात घे. अख्खी वस्ती मागून म्हणाली, व्हय म्हाराजा! मी हात जोडून उभा. एका म्हातारीने विचारलं, आता सोडलास न्हवं रे? मी म्हटलं, सोडलं.

उपहासकाराने स्वतःवर लिहू नये असा माझा नियम आहे. लिहिणार नाही.

१५ फेब्रुवारी.

डाव पुरा झाला! सगळे मजूर एकाच शेतात, मग दुसऱ्यात. माझ्याही शेतात आले. (जरा बरं वाटलं. थकव्यामुळे असेल.) चारही कोठारं सारखी. लखू म्हणाला, जमलं की.

काय जमलं? कुरुक्षेत्राचं वाक्य खोडलं. दुसरं सुचेना, म्हणून घडलं ते लिहिलं: ‘वस्ती हा अत्यंत गरीब स्वभावाचा खेळ आहे. यात भांडण लावू पाहणाराच तोंडघशी पडतो. एका छताखाली काम करणाऱ्यांनी तर जरूर खेळावा.’ खरंखुरं. अगदीच मिळमिळीत.

१६ फेब्रुवारी. बुधवार.

परीक्षण आणि खोकं बसमध्ये चढवलं. ‘कुसळ’ वाचलं! संकल्प: आता दिवाळी अंक.

२३ फेब्रुवारी.

अंक आला नाही. पोस्टाची चूक.

२६ फेब्रुवारी.

संपादकांचा फोन. आवाज बसलेला. माझं परीक्षण वाचून त्यांना खेळायची हुक्की आली. स्वतः, छापखान्याचे मालक, मुद्रितशोधक आणि खिळे जुळवणारा जुळारी. दुसऱ्याच फेरीत जुळाऱ्याने मालकांची गिरणी धरली. मालकांनी विहीर. मुद्रितशोधकाने जंगल धरलं आणि मालकांना ‘सावकार’ म्हणाला. मग जुने पगारवाढीचे विषय निघाले. जुळारी काम सोडून गेला. मालकांनी छापखान्याला कुलूप घातलं. साप्ताहिक बंद. ‘कुसळ’ही, लोणचीही.

आता सदर नाही. सांगायला कुणी नाही, म्हणून कमलला सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, अहो, एवढी वर्षं खोटं लिहिलंत, कुणाचं काही बिघडलं होतं काय?