चिलीतले दोन चमचे

शेली,

फ्रीझरमध्ये माझ्या चिलीचे, त्या खिमा-राजम्याच्या रश्श्याचे, चार डबे होते, ते मी फेकले. शोधू नकोस. टेसीचा गळा सुजला तो बेकरीच्या केकने नाही, माझ्या चिलीने. खिमा दाट व्हावा म्हणून मी त्यात दोन चमचे पीनट बटर घालते. काउंटीच्या जत्रेतल्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत पहिला नंबर त्यावरच येतो, म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही.

टेसीला शेंगदाणा चालत नाही म्हणून चर्चच्या जेवणात तू विचारलंस, "आई, यात शेंगदाणा नाही ना?" बायका कान टवकारून उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुझा नवरा यावरच वाढलाय. पोरीला वाढ मुकाट्याने." दोन चमच्यांनी काय होतंय, असं वाटलं. मग दवाखान्यातून तू त्या बेकरीवाल्या बाईला फोनवर झाडलंस आणि मी शेजारी गप्प बसले.

डॉक्टरांना हे आजच सांग. बेकरीत माफी मागून मी चर्चमध्ये जाते आहे, सगळ्यांसमोर कृती सांगायला. तिथेही लेकरं जेवतात. नंबर गेला खड्ड्यात.

टेसीला मी आता काही भरवणार नाही. नुसती शेजारी बसले तर चालेल का, तेवढं तिला विचार.

आई