अड्ड्यावरची कमल

सोम. १२ जाने.
बाथरूमच्या फरशीचं काम सुरू. वाघोलीच्या मजूर अड्ड्यावरून एक मिस्त्री आणलाय, त्याच्याबरोबर बिगारी म्हणून कमल नावाची बाई. मिस्त्री चहाला गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, ढाळ दाराकडं पडलाय. पानी बाहेर यील."
लेव्हल लावून पाहिली. खरंच दाराकडे.
तीस वर्षं आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवलं मी. खुर्ची टाकून समोर बसलो होतो, दिसलं नाही. मिस्त्रीने कुरकुरत सहा फरश्या उचलल्या. कमलने सांगितलं हे त्याला बोललो नाही.

मंगळ. १३
तिला विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, अकरा वर्षं माल कालवून देतेय, बघून बघून शिकले. मिस्त्री फोनवर असला की कोपरे हीच बसवते.
"मग मिस्त्री म्हणून का नाही उभी राहत?"
"बाईच्या डोक्यावर घमेलंच दिसतंय समद्यांना. फरशीला कोन नेतंय?"
म्हणजे येतं मिस्त्रीचं, हजेरी बिगारीची. अकरा वर्षं.

गुरु. १५
किंक्रांत. सौ. म्हणाली, "अहो, आज नवीन काही काढू नका." काढलं. सकाळी सातला स्कूटरने अड्ड्यावर. पुरुष रस्त्याच्या कडेला, बाया मागे भिंतीशी. ठेकेदार गाडीतून न उतरताच बोट दाखवतात, तू, तू आणि तू.
जगताप म्हणून एक ठेकेदार, मूळचा वाघोलीचाच, बोलायला बरा वाटला. कमलला फरशीकामाला का घेत नाही, विचारलं.
"सर, फरशी खालून पोकळ निघाली की गिऱ्हाईक माझ्या दारात येतंय. तिला येतं का नाही, मला काय माहीत?"
"आणि पुरुषांचं माहीत असतं?"
"त्यांचंबी नसतंय. पण पुरुष म्हटल्यावर निदान..." एवढं म्हणून तो मजूर मोजायला लागला.
माणूस वाईट नाही. त्याला कळायला मार्ग नाही आणि तिला दाखवायला जागा नाही. दोघांचंही नुकसान. हे मला निवृत्त झाल्यावर कळतंय.

रवि. १८
गच्चीवर परीक्षा घेतली. कमल आणि तिची शेजारीण छाया. दोघींना तीन बाय तीन फुटांचा तुकडा, मधे पाणी जायची जाळी, उरलेल्या फरश्या. वाळल्यावर नाण्याने एकेक ठोकून पाहायची, वर पाणी ओतायचं, असं ठरलं.

सोम. १९
कमलचं चोख. एकही पोकळ नाही, पाणी सरळ जाळीत. आयटीआयमध्ये असं काम दर वर्षी एखाद्याचंच यायचं.
छायाच्या चार फरश्या पोकळ वाजल्या. नाही म्हणालो.
छाया म्हणाली, "मग मी कालची हजेरी उगाच बुडवली म्हणायचं." बोलली शांतपणे, तेच जास्त लागलं.
ती गेल्यावर सौ. म्हणाली, "द्या ना तिलाही एक कागद. तुमचं काय जातं?" जातं. तिला दिला तर कमलच्या कागदाची रद्दी होते. जेवण बेताचंच झालं.

मंगळ. २०
कमलसाठी कार्ड केलं. फोटो, खाली माझ्या अक्षरात: 'फरशीकाम मी स्वतः तपासले आहे. ढाळ बरोबर, पोकळ नाही. काम बिघडल्यास मला फोन करावा.' सही, नंबर. लॅमिनेट करून घेतलं.

शनि. २४
चार दिवस झाले, कुणी नेलं नाही. कार्ड हातात धरून उभी राहते, लोक हसतात. एकाने विचारलं, तुझे मास्तर येणार का घमेलं उचलायला.
जगतापांना फोन केला. "सर, राग मानू नका. आधी तुमच्या घरात फरशी लावून घेतली असती तिच्याकडून, तर गोष्ट वेगळी."
बरोबर आहे. आमच्याकडे मिस्त्री पुरुषच होता.

रवि. २५
नारायण पेठेत ताईकडे. मोठी बहीण, वय ७९, एकटी राहते. तिच्या मोरीत पाणी साचतं, दिवाळीत पाय घसरून मनगट मोडलं होतं. तरी काम काढत नाही, माणसं चांगली मिळत नाहीत म्हणून. कमलचं सांगितलं.
"बाई फरशी बसवते?"
"बसवते."
"आणि मी पुन्हा पडले तर?"
"माझं नाव आहे कार्डावर."
"तुझं नाव धरून उभं राहता येत नाही मला." मग मनगट चोळत म्हणाली, "गुरुवारपासून ये म्हणावं. चहा दोनदाच मिळेल."
घरी येताना सिग्नलला विचार आला: ती खरंच पडली तर?

गुरु. २९
कमलने बिगारी म्हणून छायाला आणलं. रागावली असेल वाटलं होतं. कमल काम करता करता तिला दाखवत होती, माल सगळीकडे सारखा पसरायचा, कडेला भरून मधे सोडायचा नाही. हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. नापास करून मोकळा झालो.
ताई दारात खुर्ची टाकून. प्रत्येक फरशीवर लक्ष.

रवि. १ फेब्रु.
काम वाळलं. जगतापांना मुद्दाम बोलावलं होतं, आले. खाली बसून एकेक फरशी ठोकली. मी भिंतीकडे बघत उभा. मग बादली ओतली.
पाणी जाळीत गेलं. सगळं. कोपऱ्यातसुद्धा थेंब नाही.
ताई अनवाणी आत गेली, दोन्ही पायांवर नीट उभी राहिली. "बरं आहे," म्हणाली. आमच्या ताईचं 'बरं आहे' म्हणजे शाबासकीच. तिसरा चहा केला कमलसाठी.
जगतापांनी फोटो काढले, कमलला म्हणाले, "परवा साइटवर या." पहिल्यांदा 'या' ऐकलं.
रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आठवडाभर खांदे आखडून बसलो होतो.

मंगळ. ३
कमलचा फोन. एक फ्लॅट दिलाय. मिस्त्रीच्या हजेरीवर. "सर, त्यांनी वहीत नाव लिवलं, कमल मिस्त्री."  
दुपारी दोन तास गाढ झोप.

मंगळ. १०
पहिला फ्लॅट झाला, दुसरा दिला. जगतापांची एकही तक्रार नाही. अड्ड्यावरचा एक पुरुष मिस्त्री घरी आला. शहरात नवा, वीस वर्षं काम केलंय, पण ओळखीशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. "माझंबी बघता का?" बघेन म्हणालो. सौ. म्हणाली गच्चीवर आता पापड घालायला जागा नाही.

रवि. २२
शुक्रवारी छायाने गच्चीवर पुन्हा तुकडा बसवला. काल तो तपासायला ती आली, बरोबर कमल. मी नाणं काढलं. कमल म्हणाली, "थांबा सर, मी बघते."
एका फरशीवर तीनदा ठोकलं, कान लावला. "ही काढ." मला ती ठीक वाटली होती. छायाने उचलली, खाली एका कोपऱ्यात पोकळी होतीच. पुन्हा बसवली. आज दुपारी दोघी परत आल्या, कमलने सगळं पुन्हा ठोकलं, मग मान डोलावली.
कार्ड लिहायला घेतलं आणि पेन कमलपुढे केलं. मी किती दिवस पुरणार, आणि तिचा कान माझ्यापेक्षा बरा. पहिल्यांदा नको म्हणाली. मग सावकाश सही केली, खाली स्वतःचा नंबर.
जगतापांना फोनवर सांगितलं. "तिच्या सहीवर घ्यायचं म्हणता? तुमची नाही?"
"माझी नाही."
 "बघू," म्हणाले.
उद्या छाया कार्ड घेऊन अड्ड्यावर उभी राहणार. मी जायचं नाही, असं ठरवलंय.