काळ्या शीटचं तळं

३ फेब्रुवारी २०२५

तळ्याच्या शीटचा चौथा जोड माझ्या तपासणीत नापास! दोन शिवणींमधल्या पोकळीत सुई घालून हवा भरली, दाबाचा काटा पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर यादोराव म्हणे, "दवात वेल्डिंग झाली मॅडम, इतना तो चलता है." चलता है! या तळ्यात साचणार धान उकडून उष्णा तांदूळ काढणाऱ्या मिलचं सडकं पाणी. खाली दोनशे पावलांवर विहीर आहे, ती यादोरावची नाही. आमची आहे.

जोडावर लाल खडूनं खूण केली. दुपारी पाहिलं तर पुसलेली.

४ फेब्रुवारी

आज ऑइल पेंटनं केली. आता पूस म्हणावं!

६ फेब्रुवारी

मिलवाल्यांनी बाबांना तळ्यावर चौकीदार ठेवलंय, आमचं शेत लागूनच म्हणून. आज दिवसभर पाळीवर बसून हसत होते. "प्लास्टिकची बोडी! आमच्या आज्यानं बोडी बांधली, तिले कुठं शीट होती?"

पिढ्यानपिढ्या तळी-बोड्या बांधणाऱ्या आम्हा कोहळ्यांच्या घरात दुसरा विषयच नसतो. कुणाची पाळ गळली, कुणाचं नाव गेलं. गावातल्या शालीकरामच्या पणज्याची पाळ फुटली त्याला ऐंशी वर्षं झाली असतील, अजून त्या घरच्या सोयरिकीत ते निघतंच. माझ्या सिव्हिलच्या डिप्लोमाचं मात्र कुणाला काही नाही. तळं कुणी बांधलं म्हणून विचारलं की बाबा मिलचं नाव सांगतात.

११ फेब्रुवारी

चौथा जोड नवा करून घेतला, भांडून. साबणाचं पाणी ओतून वर काचेची पेटी ठेवली, हवा ओढली — एक बुडबुडा नाही. मग तळं साध्या पाण्यानं भरलं, मोजपट्टी उभी केली, पाण्याच्या रेघेवर खूण केली. शेजारी एक भरलेली बादली, उन्हानं किती उडतं ते कळायला.

१२ फेब्रुवारी

बादली उतरली अर्धा सेंटिमीटर. तळं चार! यादोराव म्हणे, ऊन है मॅडम. मग बादलीवर काय चांदणं पडलं होतं?

जेवताना बोलून गेले — तळं गळतंय. बाबांचा घास हातातच राहिला. "कोनाकोनाले मालूम हाये?" एवढंच विचारलं. विहिरीचं नाही विचारलं. मला इतका राग आला की ताटावरून उठले.

१३ फेब्रुवारी

पाइपाच्या तोंडाशी एक चीर सापडली. ठिगळ लावलं. तळं पुन्हा रेघेपर्यंत भरलं.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस पाणी रेघेवरच. बादली उतरली, तळं नाही. असं कसं? यादोराव म्हणे, "मोठं पानी कमी उडते मॅडम, तुमी टेन्शन कायले घेता?" पटलं नाही. पण रोज सकाळी आकडा तोच, आणि ऑफिसातून दिवसाला चार फोन. थकले मी. तळं पास म्हणून सही केली.

यादोरावनं पेढे आणले. मी घेतला नाही.

२ मार्च

मिलचं पाणी सोडलं. तोंडाला ओढणी बांधून उभी होते.

१९ मार्च

विहिरीच्या पाण्याला वास येतोय. आई म्हणते, पाला कुजला असेल. पाला नाही! यादोरावनंच टँकर आणून तळं भरलं असणार, मी यायच्या आधी. हलकट माणूस! आणि मी मूर्ख. बादली ओरडून सांगत होती, मी सही करून मोकळी झाले.

उद्या लेखी तक्रार. त्याची नोकरी घालवल्याशिवाय राहायची नाही.

२० मार्च

निघताना तक्रार आईला वाचून दाखवत होते. दारात बसलेले बाबा म्हणाले, "त्याचं नाव नोको लिहू. पानी मीच सोडलो. पहाटं आपली मोटर लावून, तीन दिवस, तुया रेघेवरी. या उमरावच्या पोरीचं तळं गळते, असं कोनी म्हनाले नाई पाह्यजे."

हे सांगताना तोंडावर केवढा अभिमान! पहिल्यांदा त्यांनी तळं माझं म्हटलं. मग बाबा "कुठं येऊन राहिला वास?" म्हणत उठले, विहिरीच्या पाण्याचा लोटा भरला आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायले.